आजोबांचं घड्याळ उजळण्याआधी

आमचे आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. आवराआवर करताना आईला त्यांचं मनगटी घड्याळ सापडलं आणि तिने ते मला आणि धाकट्या भावाला मिळून दिलं. घड्याळ गोल, पिवळ्या धातूचं आहे. चावी सोडून मोजलं तर 34 मिलिमीटर भरतं. तबकडीवर ‘लाँजिन’ हे नाव, सोबत पंख असलेलं वाळूचं घड्याळ आणि सहाच्या जागी सेकंदकाट्याचं छोटं वर्तुळ आहे. आकड्यांवर आणि काट्यांवर तपकिरी पडलेला खरखरीत थर आहे, तो अंधारात चमकत नाही. तबकडीवर डागही पडलेत. मागच्या झाकणावर बाहेरून ‘फाँ आसिए इनॉक्सिदाब्ल’ असं काहीतरी फ्रेंचमध्ये लिहिलंय. चावी दिली की चालतं, पण दिवसभरात दहा मिनिटं मागे पडतं.

आम्ही ते एका दुकानात दाखवलं. तबकडी नव्याने रंगवा, केसला (म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाला) पॉलिश करून सोन्याचा मुलामा द्या, मग चांगली किंमत येईल, असं तिथे सांगितलं. भाऊ म्हणतो, तसं करून विकू आणि पैसे वाटून घेऊ. मला घड्याळ ठेवायचंय. त्याचा वाटा मी पैशात देईन. पण वाटा ठरवायचा कशावरून? घड्याळ सोन्याचं आहे का? किती जुनं आहे? आणि दुकानात सांगितलं तसं करून घ्यावं का?

— दोघांतली थोरली

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीची थांबली तरी चालतील. करून घेऊ नका. तबकडी रंगवू नका, केस घासू देऊ नका आणि मुलामा तर अजिबात नको. घड्याळ आत्ता जसं आहे तसं मऊ कापडात गुंडाळून बाजूला ठेवा आणि मगच पुढचं वाचा.

दुकानदाराने तुम्हाला फसवायला हे सांगितलं असेलच असं नाही. घड्याळ रोज वापरायची वस्तू होती तेव्हा जुनी तबकडी रंगवून देणं हे नेहमीचं काम होतं, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. पण आज जुनी घड्याळं जमवणारे पैसे मोजतात ते कारखान्यातून निघालेल्या आणि नंतर कुणी हात न लावलेल्या भागांसाठी. त्यात सगळ्यात जास्त वजन तबकडीला. डागाळलेली पण मूळ तबकडी आणि नवी कोरी रंगवलेली तबकडी अशी एकाच मॉडेलची दोन घड्याळं शेजारी ठेवली, तर जाणकार पहिलं उचलतो आणि दुसऱ्याचा भाव पाडून मागतो. मूळ छपाई एकदा खरवडली की ती परत आणता येत नाही. केसचंही तसंच. पॉलिशचं चाक धातू खातं, कडा बोथट होतात, पट्टा अडकवायचे कान बारीक होतात आणि कोरलेले शिक्के पुसट होतात. त्यावर मुलामा चढवला की खालचं खरं काय होतं हेही कळेनासं होतं.

आता सोन्याचं. तुम्ही लिहिलेल्या फ्रेंच शब्दांचा अर्थ ‘झाकण: स्टेनलेस स्टील’ एवढाच आहे. अख्खी केस सोन्याची असती तर तिला स्टीलचं झाकण बसवण्याचं काही कारण नव्हतं. स्टीलच्या झाकणाबरोबर पिवळी केस दिसली की ती बहुतेक वेळा साध्या धातूवर सोन्याचा पातळ थर दिलेली असते. पट्ट्याच्या कानांचं टोक, त्यांची मागची बाजू आणि मनगटाला घासणारी कड भिंगातून पाहा. तिथे पिवळा रंग जाऊन राखाडी किंवा पितळी धातू डोकावत असेल तर शंकाच नको. काही केसवर थराची जाडीही लिहिलेली असते. 20 मायक्रॉन हा आकडा त्या काळच्या घड्याळांवर नेहमी भेटतो. 20 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. तेव्हा कुणी हे घड्याळ वजनकाट्यावर टाकून सोन्याच्या भावाचं बोलू लागलं तर त्या बोलण्याला अर्थ नाही.

खऱ्या सोन्याच्या स्विस केसला आतून शिक्के असतात. 18 कॅरेटला 750 किंवा 0.750, 14 कॅरेटला 585. जोडीला सरकारी तपासणीचं चित्र असतं. 1995 पूर्वीच्या केसवर 18 कॅरेटसाठी हेल्व्हेशिया या, स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं मस्तक आणि 14 कॅरेटसाठी खार, तर 1995 पासून सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं. तुमच्या घड्याळात यातलं काही निघेल असं मला वाटत नाही, पण झाकण उघडेल तेव्हा बघून घ्या. आणि सोनं नाही म्हणून मन खट्टू करू नका. त्या काळातली साध्या स्टीलची काही घड्याळं आज त्याच कंपनीच्या सोन्याच्या घड्याळांपेक्षा जास्त मागणीत आहेत.

झाकण उघडण्याबद्दल एक ताकीद. सुरीने, चिमट्याने किंवा व्हिडिओ बघून घरी उघडू नका. एक तर झाकण दाबून बसवलेलं आहे की आट्यांचं, हे न कळता जोर लावला की ओरखडा कायमचा राहतो. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. आकड्यांवरचा तो तपकिरी, खरखरीत, न चमकणारा थर रेडियमचा असू शकतो. साठच्या दशकापर्यंत घड्याळं अंधारात दिसावीत म्हणून रेडियम मिसळलेला रंग लावत असत. चमक गेली म्हणजे किरणोत्सर्ग गेला असं होत नाही. चमकणारं द्रव्य काही वर्षांत मरतं, पण रेडियमचा अर्धायुकाल, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे 1600 वर्षं आहे. याच रंगाने तबकड्या रंगवणाऱ्या, ब्रशला ओठांनी टोक काढणाऱ्या अमेरिकेतल्या कामगार मुली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गंभीर आजारी पडल्या, कित्येक दगावल्या. बंद घड्याळ हाताळून तुमचं असं काही होणार नाही. पण त्या थराची भुकटी श्वासात किंवा पोटात जाता कामा नये. म्हणून काच काढायची नाही, थर खरवडायचा नाही, घड्याळ लहान मुलांच्या हातात द्यायचं नाही आणि उशाशी ठेवायचं नाही. घड्याळजींनाही आधी सांगा, म्हणजे ते काळजी घेतील. तबकडी रंगवू नका म्हणण्यामागे हेही एक कारण आहे: रंगवणारा आधी जुना थर खरवडतो.

याच थरावरून वयाचाही अंदाज येतो. तबकडीच्या अगदी खालच्या कडेला, सहाच्या आकड्याखाली, भिंग लावून वाचा. तिथे ‘स्विस’च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी ‘टी’ अक्षर असेल तर थर ट्रिटियमचा, म्हणजे रेडियमच्या जागी आलेल्या दुसऱ्या किरणोत्सर्गी द्रव्याचा आहे आणि तबकडी साठच्या दशकातली किंवा नंतरची. ट्रिटियमचा अर्धायुकाल 12 वर्षांच्या थोडा वर आहे, त्यामुळे तोही आता चमकत नाही. ‘टी’ नसेल आणि नुसतं ‘स्विस’ किंवा ‘स्विस मेड’ असेल, तर अशा थराचं घड्याळ त्याआधीचं असण्याची शक्यता जास्त. 34 मिलिमीटरचं माप आणि सेकंदाचं वेगळं वर्तुळ हे दोन्ही चाळीस-पन्नासच्या दशकांशी जुळतं. तेव्हा पुरुषांची घड्याळं एवढीच असत.

पण पक्कं वय तबकडी सांगत नाही, मशीन सांगतं. जुनं घड्याळ ओळखायचं म्हणजे झाकणाच्या आत वाचायचं. विश्वासाच्या घड्याळजीकडे जा, समोर बसून झाकण उघडून घ्या आणि फोनवर तीन फोटो काढा: अख्ख्या मशीनचा, झाकणाच्या आतल्या बाजूचा, आणि बॅलन्स व्हीलच्या (मशीनमधल्या मागेपुढे हलणाऱ्या चाकाच्या) आसपासचा अगदी जवळून. मशीनवर लाँजिनचं नाव आणि एक लांबलचक अनुक्रमांक असायला हवा. लाँजिनने 1867 पासून अनुक्रमांकांची रांग चालवली आणि पन्नासच्या दशकात ती 1 कोटीच्या पार गेली, त्यामुळे तुमचा आकडा सात किंवा आठ अंकी असणार. बॅलन्स व्हीलजवळ मशीनचा प्रकार छोट्या अक्षरांत उमटवलेला असतो. सेकंदाचं वर्तुळ असलेल्या लाँजिनमध्ये ‘12.68 झेड’ हा एक प्रकार बराच सापडतो. चांगलं, दणकट मशीन आहे ते, आणि आजही घड्याळजी ते आनंदाने हातात घेतात.

लाँजिनच्या बाबतीत तुमचं नशीब चांगलं, कारण कंपनीने आपल्या जुन्या नोंदवह्या जपल्या आहेत. अनुक्रमांक कळवला की नोंदीत ते मशीन कोणतं आणि ते घड्याळ कुठल्या देशातल्या एजंटाकडे कधी पाठवलं हे सापडू शकतं. असा दाखला मिळाला तर तुमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. एक लक्षात ठेवा, नोंदीतली तारीख कारखान्यातून निघाल्याची असते. आजोबांनी ते दोन-चार वर्षांनी विकत घेतलेलं असू शकतं. म्हणून समजा आई ‘लग्नात मिळालं’ म्हणाली आणि ते साल व नोंदीतलं साल यांत थोडा फरक पडला, तरी आईच्या आठवणीवर अविश्वास दाखवू नका.

ज्यांच्याकडे दुसऱ्या कंपनीचं घड्याळ आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जुन्या ओमेगाचा अनुक्रमांक मशीनवर असतो आणि मॉडेलचा नंबर झाकणाच्या आत. जुन्या रोलेक्समध्ये पट्टा काढल्यावर केसच्या कडेवर, पट्ट्याच्या कानांच्या मधोमध आकडे दिसतात: बाराच्या बाजूला मॉडेल, सहाच्या बाजूला अनुक्रमांक. जुन्या सैकोच्या मागच्या झाकणावरच्या अनुक्रमांकाचा पहिला अंक सालाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरा महिना सांगतो. दशक मात्र मॉडेलवरून ठरवावं लागतं. आणि तबकडीवर मोठ्या अक्षरांत ‘इन्काब्लॉक’, ‘अँटीमॅग्नेटिक’ किंवा ‘17 ज्वेल्स’ लिहिलेलं असलं तर ते घड्याळाचं नाव समजू नका. इन्काब्लॉक ही धक्क्यापासून वाचवणारी रचना आहे आणि ती असंख्य कंपन्यांच्या घड्याळांत बसवलेली असते.

आता ज्यावर किंमत खरी ठरते ते: यातले सगळे भाग एकमेकांचे आहेत का? सत्तर वर्षांत घड्याळ अनेक हातांतून दुरुस्त झालेलं असतं. कधी तबकडी एकाची, मशीन दुसऱ्याचं आणि केस तिसऱ्याची निघते. तुम्ही स्वतः बऱ्याच गोष्टी तपासू शकता. मिनिटकाट्याचं टोक बाहेरच्या मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचतं का? आखूड पडत असेल तर काटा बदललेला असू शकतो. काट्यांवरचा थर आणि आकड्यांवरचा थर एकाच वयाचे, एकाच रंगाचे दिसतात का? पंखांच्या वाळूघड्याळाच्या रेषा बारीक आणि स्वच्छ आहेत का? हे चिन्ह लाँजिनने 1889 मध्ये नोंदवलं आणि तबकडी रंगवणाऱ्यांचा हात सगळ्यात जास्त तिथेच अडखळतो. पिसं जाडसर होतात, अक्षरं फुगतात, सेकंदाच्या वर्तुळातल्या रेघा मध्यापासून सरकतात, तळाचं ‘स्विस’ अर्धवट कापलं जातं किंवा राहूनच जातं. तुमच्या तबकडीवर डाग आहेत ही खरं तर चांगली खूण आहे. बहुधा ती कुणी रंगवलेली नाही.

मशीन उघडल्यावर आणखी एक गोष्ट बघा. ते केसमध्ये नेमकं बसलंय, की भोवती प्लास्टिकची किंवा पत्र्याची कडी घालून बसवलंय? कडी दिसली तर मशीन दुसऱ्या घड्याळातून आलं असण्याची शंका घ्यावी. झाकणाच्या आत सुईने कोरलेले बारीक आकडे दिसले तर ते पुसू देऊ नका. ते आधीच्या घड्याळजींनी दुरुस्तीच्या वेळी केलेल्या खुणा असतात. काच आणि पट्टा बदललेला असणं अगदी स्वाभाविक आहे, त्याने किंमतीला धक्का बसत नाही. चावी मात्र मूळ, वाळूघड्याळाचं चिन्ह असलेली असेल तर उत्तम. पट्ट्याचं मूळ बकल सापडलं तर तेही जपून ठेवा.

दिवसाला दहा मिनिटं मागे पडतं म्हणून घाबरू नका. अशी मशीनं बहुधा तासाला 18,000 ठोके देतात, म्हणजे दिवसाला 4 लाख 32 हजार. आतलं तेल सुकून चिकट झालं की सगळं जड चालतं. दोष बहुतेक तेलाचा आहे. पण सुक्या तेलावर रोज चालवलं तर धातू झिजतो. म्हणून सर्व्हिसिंग होईपर्यंत चावी देत राहू नका आणि पाण्याजवळ तर मुळीच नेऊ नका, झाकणावर काहीही लिहिलेलं असो. सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा कागदावर लिहून द्या: तबकडी आणि काट्यांना हात लावायचा नाही, केसला पॉलिश नाही, आणि जे भाग बदलाल ते मला परत द्या. चांगला घड्याळजी या अटींनी रागावत नाही. उलट, समोरच्याला वस्तूची किंमत आहे हे त्याला कळतं. मूल्यांकन सर्व्हिसिंगच्या आधी करून घेतलंत तरी चालेल.

आता भावाचा वाटा. एकाच घड्याळाच्या तीन किंमती असतात आणि घरातले वाद बहुधा इथेच सुरू होतात, कारण प्रत्येकाच्या मनात वेगळी किंमत असते. विम्यासाठी लिहून दिलेली किंमत सगळ्यात वरची. तसंच घड्याळ उद्या दुकानातून घ्यायचं झालं तर काय लागेल, हा तो आकडा. दुकानदार तुम्हाला रोख देईल ती सगळ्यात खालची, कारण त्याला सर्व्हिसिंग करायचं आहे, हमी द्यायची आहे आणि वर नफाही काढायचा आहे. या दोहोंच्या मध्ये येते ती किंमत, जी जाणकार घेणारा आणि घाई नसलेला विकणारा यांच्यात ठरते. बहीण-भावांच्या वाटणीला तीच लावावी असं माझं स्पष्ट मत आहे. विम्याच्या आकड्याने तुमच्यावर अन्याय होईल, दुकानदाराच्या आकड्याने भावावर.

ती मधली किंमत शोधताना विक्रेत्यांनी मागितलेले आकडे बघू नका. मागायला कुणी काहीही मागतो. प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या घड्याळांचे आकडे बघा. ख्रिस्टीज, सदबीज, फिलिप्स या लिलावगृहांचे जुने निकाल पाहायला मिळतात. मात्र जाहीर निकालात बहुधा खरेदीदाराने वर भरलेलं कमिशन धरलेलं असतं आणि विकणाऱ्याच्या हातात त्याहून कमी पडतं. तुलना करताना मशीनचा प्रकार, केसचा धातू, माप आणि तबकडीची अवस्था ही चारही जुळली पाहिजेत. नुसतं नाव जुळून काही होत नाही. त्याच काळातल्या लाँजिनच्या 13 झेड एन किंवा 30 सी एच मशीनच्या क्रोनोग्राफना (स्टॉपवॉचची सोय असलेल्या घड्याळांना) फार मोठी किंमत येते. ते आकडे बघून भावाने डोळे मोठे केले तर त्याला समजावा की ती वेगळी घड्याळं आहेत. तुमचं वर्णन वाचून मला वाटतं, हे चाळीस-पन्नासच्या दशकातलं, मुलामा दिलेलं, हाताने चावी द्यायचं साधं लाँजिन आहे. अशी बरीच बनली आणि बरीच टिकलीही. त्यामुळे किंमत माफक असेल. खरं सांगायचं तर तुम्हाला ते ठेवायचंय, तर ही चांगलीच बातमी आहे.

मूल्यांकन करणारा असा निवडा ज्याला ते घड्याळ विकत घ्यायचं नाही. दोघांनी मिळून जा आणि किंमत कशाकरता हवी आहे ते आधीच सांगा. त्याने मशीन न उघडता आकडा सांगितला तर दुसऱ्याकडे जा.

एक काम मात्र आजच करा, कारण ते फक्त तुमच्या आईच्या मदतीनेच होऊ शकतं. आजोबांच्या हातात हे घड्याळ दिसतं असे जुने फोटो शोधा. घड्याळासोबतच्या कथेला बाजारात किंमत येते ती पुराव्याने. हॉलिवूडचा अभिनेता पॉल न्यूमन याचं स्वतःचं रोलेक्स डेटोना 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 1 कोटी 77 लाख डॉलरला गेलं, कारण ते त्याचंच होतं हे दाखवता आलं. तुम्हाला फोटोचा उपयोग वेगळा आहे. त्यात तबकडी नीट दिसली तर आकडे, काटे आणि सेकंदाचं वर्तुळ आजच्या घड्याळाशी ताडून बघता येईल. आजोबांनी ते कुठून, कधी घेतलं, कोणी दिलं, हे आई सांगेल ते तिच्या शब्दांत लिहून घ्या आणि खाली तारीख घाला. खरेदीची पावती किंवा डबी एखाद्या जुन्या ट्रंकेत निघते का तेही बघा.

मशीनचे फोटो निघाले की मला पाठवा. अनुक्रमांक आणि मशीनचा प्रकार दिसला म्हणजे नोंदीसाठी कंपनीला काय लिहायचं ते आपण बघू.